विटांचा वाडा आणि जमिनीखालची वाट

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका वाड्याची गोष्ट सांगणार आहोत. ससेक्स परगण्यात टेकडीच्या माथ्यावर अप्पार्क नावाचं लाल विटांचं घर आहे. 1690 च्या सुमारास बांधलेलं. मधोमध दार, दोन्ही अंगांना सारख्या उंच खिडक्या, कडेला फिकट दगड, वर उतरतं छप्पर. 1989 मध्ये छपराचं काम चालू असताना आग लागली, वरचा भाग जळाला, पण विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. 1995 मध्ये घर पुन्हा लोकांसाठी उघडलं.

एवढ्या उंचावर पाणी कसं नेलं, हा आपला बायकांचा पहिला प्रश्न! घर बांधणाऱ्याच्या आईचे वडील एडवर्ड फोर्ड यांनी पाणी वर चढवण्याचा पंप काढला होता. त्यामुळेच तिथे घर होऊ शकलं, असं सांगतात.

या घराची खरी गंमत मात्र जमिनीखाली आहे. स्वयंपाकाची आणि तबेल्याची इमारत घरापासून वेगळी, आणि तिथून घरात यायला भुयारी वाटा. जेवण त्या वाटेने यायचं. राबणारी माणसं अंगणातून जाताना पाहुण्यांना दिसू नयेत, अशी ती रचना.

याच घराच्या दूधघरात मेरी ॲन बुलक नावाची विशीतली मुलगी कामाला होती. 1825 मध्ये सत्तरीतल्या मालकाने, सर हॅरींनी, तिच्याशी लग्न केलं. 1846 मध्ये ते वारले, ते सगळी मालमत्ता तिच्या नावे करून. मुलीचं नशीब उघडलं, असं आपल्याकडेही म्हटलं असतं. तिने पुढे 1874 पर्यंत कारभार पाहिला, घरात फारसा बदल न करता. म्हणजे दूधघरातून आलेल्या मालकिणीचं ताटसुद्धा भुयारातूनच येत राहिलं. आम्हाला याचंच जास्त वाटलं. ज्या वाटेचा त्रास तिला ठाऊक होता, ती वाट तिने बुजवली नाही.

तिच्यामागे घर बहीण फ्रान्सिसकडे आलं. फ्रान्सिसने 1880 मध्ये सारा वेल्स या बाईंना घराची व्यवस्था बघायला ठेवलं. साराबाई पूर्वी तिच्याच खास मोलकरीण होत्या. त्यांची खोली तळघरात. तेरा वर्षांनी, 1893 मध्ये, त्यांना कामावरून काढलं.

साराबाईंचा मुलगा लहानपणी तिथे येऊन राहायचा, वरच्या ग्रंथसंग्रहातली पुस्तकं वाचायचा. तो म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. 1895 मध्ये त्याची 'टाइम मशीन' ही कादंबरी आली. तिच्यात वरची माणसं उजेडात मजेत असतात आणि यंत्रं चालवणारी जमिनीखाली राहतात.