शून्य पत्त्याचे मौन : नल पॉइंटर आणि यंत्रभेद

संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता साठविणाऱ्या चलास पॉइंटर म्हणतात. हा पॉइंटर कोणत्याही वस्तूचा निर्देश करीत नाही, हे दर्शविणारे मूल्य म्हणजे ‘नल’ होय. टोनी होर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेत ही सोय केली आणि 2009 मध्ये लंडन येथील व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. तथापि ही चूक सर्व यंत्रांवर एकाच रूपात प्रकट झाली नाही.

व्हॅक्स संगणकावरील बर्कले युनिक्समध्ये शून्य क्रमांकाचा पत्ता वाचता येत असे व तेथे शून्यच आढळे. परिणामी नल पॉइंटरमार्फत अक्षरमाला वाचणाऱ्या प्रोग्रॅमला रिकामी अक्षरमाला मिळून काम निर्वेध चाले. असे प्रोग्रॅम सन कंपनीच्या संगणकांवर नेताच कोसळत, कारण तेथे शून्य पत्ता वाचण्यास मज्जाव होता. दोष नव्या यंत्राचा वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः जुन्या यंत्राने तो झाकून ठेवला होता. एचपी-यूएक्समध्ये तर असे वाचन चालू द्यावे की प्रोग्रॅम थांबवावा, हे लिंकरच्या पर्यायाने ठरविता येई. जुन्या सवयीशी केलेली ही तडजोडच म्हणावी लागेल. चुकीच्या उत्तरानिशी पुढे जाणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा जागीच थांबणारा प्रोग्रॅम अधिक विश्वासार्ह होय.

नल म्हणजे शून्य, हेही सर्वत्र खरे नव्हते. प्राइम 50 मालिकेतील काही संगणकांवर नलची बिटरचना शून्येतर होती. सी भाषेच्या 1989 च्या अमेरिकन प्रमाणकानुसार, पॉइंटरच्या जागी लिहिलेल्या 0 चे त्या यंत्राच्या नलमध्ये रूपांतर करणे हे कंपायलरचे काम आहे. मात्र नलमार्फत वाचन केल्यास काय घडावे, हे प्रमाणकाने अनिर्धारित ठेवले.

या मोकळिकीचे परिणाम पुढे गंभीर ठरले. 2009 मध्ये लिनक्सच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता व तो नल आहे काय, याची तपासणी नंतर होती. वापर झाला त्याअर्थी पॉइंटर नल नसणार, असे गृहीत धरून जीसीसी कंपायलरने ती तपासणीच गाळली. शून्य पत्त्यावर स्वतःची सामग्री ठेवू शकणाऱ्या वापरकर्त्यास त्यातून कर्नलचा ताबा मिळविता आला. त्यानंतर लिनक्स कर्नल कंपायल करताना अशा तपासण्या गाळू नयेत, अशी स्पष्ट सूचना जीसीसीला दिली जाऊ लागली.