दान, दाता आणि नागपूर



परोपकाराचा इतिहास बहुधा देणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणी किती दिले, कशासाठी दिले, कोनशिलेवर कोणाचे नाव कोरले गेले, एवढे त्यात असते. घेणारा त्या इतिहासात बिननावाचा राहतो. परदेशांतील बौद्ध संस्था व त्यांचे स्वयंसेवक दूरदेशीच्या समाजांसाठी काम करतात असे आपण वाचतो, तेव्हा 'दूरदेश' म्हणजे कोठला तरी अपरिचित मुलूख असे आपण गृहीत धरतो. पण इंग्लंडमधील एखाद्या घराच्या दारावर थाप मारणाऱ्या स्वयंसेवकाच्या लेखी तो दूरदेश म्हणजे आपला महाराष्ट्र आणि आपले नागपूर होते. म्हणून हा इतिहास आपण घेणाऱ्याच्या ओसरीवर बसून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

प्रारंभी थोडे मागे जाऊ. परक्या माणसाने येऊन येथील बौद्ध कार्याला हातभार लावावा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. एकेका खांबाचा खर्च एकेकाने उचलला आणि आपले नाव व गाव तेथे नोंदवले. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंस दरसाल प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी मिळावयाची. मूळ रकमेला हात लावावयाचा नाही, असा करार होता. आपल्या विदर्भापुरते बोलावयाचे तर भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली जे उत्खनन झाले, त्यात स्तूपाच्या कठड्यावर दात्यांचे ब्राह्मी लेख मिळाले. ह्या सर्व लेखांवरून एक गोष्ट उघड होते. एका राजाच्या खजिन्यावर ही कामे उभी राहिलेली नाहीत. अनेकांनी थोडे थोडे दिले, नियमाने दिले, आणि त्याचा हिशोब दगडावर लिहून ठेवला.

आता आधुनिक काळाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाबोधि सभेच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य ह्या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी तीन गोष्टींची निकड सांगितली होती: सामान्य माणसास वाचता येईल असा एक ग्रंथ, भिक्षुसंघाच्या रचनेत व उद्दिष्टांत बदल, आणि जागतिक बौद्ध प्रचारसंस्था. भिक्षूने समाजसेवक झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५४ साली ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलपुढे त्यांनी भारतातील धम्मकार्याची योजना एका टिपणाच्या रूपाने ठेवली. म्हणजे बाहेरच्या बौद्ध देशांनी भारताला मदत करावी, ही कल्पना बाबासाहेबांना त्याज्य वाटत नव्हती. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी देहूरोड येथे त्यांनी ज्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती रंगूनहून आलेली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना ज्यांनी दीक्षा दिली, ते कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी हेही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

परंतु येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात जे दीर्घ भाषण केले, त्यात त्यांनी आपल्या अनुयायांकडे काय मागितले? प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग ह्या कार्यासाठी द्यावा, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या हाती जमीन नव्हती, ज्यांतील पुष्कळजण गिरण्यांत नाहीतर शेतांवर मजुरी करीत होते, त्यांच्याकडे ही मागणी होती. बाहेरची मदत त्यांना नको नव्हती. पण घरची वर्गणी आधी, हा क्रम त्यांनी घालून दिला. आमच्या मते पुढील सर्व इतिहास ह्या क्रमाच्या कसोटीवर तपासला पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निर्वाण झाले. त्या दिवशी संघरक्षित नावाचे एक तरुण इंग्रज भिक्षू नागपुरात येऊन पोहोचले. त्यांचा मुक्काम त्या काळी कालिम्पाँगला असे, आणि बाबासाहेबांशी त्यांच्या भेटी झालेल्या होत्या. त्या सायंकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा भरली. संघरक्षितांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, ते रिक्षाच्या बैठकीवर उभे राहून बोलले आणि समोर लाखभर माणसे होती. पुढील चार दिवसांत नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून त्यांनी चाळीसच्या आसपास भाषणे केली. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, संस्था नव्हती, औषधे नव्हती. पोरक्या झालेल्या माणसांना 'तुमचे काम पुढे चालले पाहिजे' एवढेच ते सांगत होते. परदेशीयाने नागपूरला केलेली ही पहिली मोठी मदत आणि तिची किंमत रुपयांत होत नाही.

१९६४ साली संघरक्षित इंग्लंडला परतले आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी 'फ्रेंड्स ऑफ द वेस्टर्न बुद्धिस्ट ऑर्डर' ही संस्था काढली. उत्तरायुष्यात त्यांच्या वैयक्तिक वर्तनाविषयी गंभीर आरोप झाले व २०१६ साली त्यांनी त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. इतिहास सांगणाऱ्याने ही बाजू झाकू नये. पण त्यांनी सुरू केलेल्या संस्थेचा नागपूरशी पुढे जो संबंध आला, तो अनेक माणसांच्या श्रमांतून आला आहे, आणि तो आपण त्या श्रमांच्याच मापाने मोजला पाहिजे.

दीक्षेनंतरची वीस वर्षे कशी गेली हे इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. धर्मांतर केल्यामुळे अनुसूचित जातींस मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती नवबौद्धांना मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, तथापि केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. खेड्यातल्या मुलाची शाळा चौथीला किंवा सातवीला संपे. पुढची शाळा तालुक्याला, आणि तालुक्याला खोली मागावयास गेले की जात विचारली जाई. वसतिगृह नाही म्हणून शिक्षण नाही, असा तो सरळ हिशोब होता.

ऑक्टोबर १९७७ मध्ये संघरक्षितांचे एक इंग्रज शिष्य, लोकमित्र, पुण्यास योगाभ्यासासाठी जात असता वाटेत नागपुरास उतरले. धम्मदीक्षेचा तो एकविसावा वर्धापनदिन होता. दीक्षाभूमीवर लोटलेला जनसमुदाय पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढल्याच वर्षी ते पुण्यास राहावयास आले. १९७९ साली 'त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण' ही संस्था निघाली. २०१० पासून ती 'त्रिरत्न बौद्ध महासंघ' ह्या नावाने ओळखली जाते. सामाजिक कार्यासाठी 'बहुजन हिताय' ही शाखा झाली. आणि १९८० साली इंग्लंडमध्ये 'एड फॉर इंडिया' ही धर्मादाय संस्था स्थापन झाली, तीच पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली.

ह्या संस्थेची पैसा गोळा करण्याची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. काही स्वयंसेवक आपले कामधंदे बाजूला ठेवून एखाद्या गावी काही आठवडे एकत्र राहावयाचे. सकाळी ध्यान व अभ्यास, आणि संध्याकाळी लोक कामावरून परतले की दारोदार. दार उघडणारा गृहस्थ बहुधा बौद्ध नसे. त्याला अस्पृश्यता म्हणजे काय, हे मुळापासून सांगावे लागे. एकदाच मोठी देणगी मागावयाची नाही. दरमहा लहानशी रक्कम आपल्या बँकेतून काही वर्षे देत राहण्याचे वचन घ्यावयाचे. ब्रिटिश कायद्याप्रमाणे असे लेखी वचन मिळाले की त्या रकमेवर भरलेला प्राप्तिकरही संस्थेस परत मिळे. उषवदाताची ठेव आणि हे मासिक वचन ह्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर आहे. पण मर्म एकच. वसतिगृहातल्या मुलाला जून महिन्यात जेवावयास लागते तसेच फेब्रुवारीतही लागते, म्हणून दान नियमित हवे.

भिक्षापात्र घेऊन दाराशी उभे राहणे ही बौद्ध परंपरेतली जुनी चाल आहे. येथे मागणारा स्वतःच्या पोटासाठी मागत नव्हता, एवढाच फरक. कित्येकांनी भारत पाहिलेलाही नव्हता. दार आपटले जाणे हा तर रोजचाच अनुभव. त्या थंडीवाऱ्यातल्या संध्याकाळींतून इकडे बालवाड्या चालल्या, पुण्याजवळ दापोडीच्या वस्तीत आरोग्यकेंद्र निघाले, मुलामुलींची वसतिगृहे उभी राहिली.

पूर्वेकडूनही मदत आली, पण निराळ्या रीतीने. जपानचे भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात नागपूरला आले आणि येथलेच झाले. इंदोऱ्याच्या वस्तीत ते राहिले, भारताचे नागरिक झाले, आणि बोधगयेच्या महाबोधि विहाराच्या आंदोलनात त्यांनी पुढाकार घेतला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे विहार जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने १९९९ साली उभे राहिले. भदंत आनंद कौसल्यायन हे तर पंजाबात जन्मलेले, सिंहलात अध्यापन केलेले. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष त्यांनी अनुराधपूरहून आणलेल्या रोपांचा आहे. कामठी मार्गावर नागलोक हे केंद्र आहे. तेथील नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत २००२ पासून अनेक राज्यांतील तरुण-तरुणी निवासी शिक्षण घेऊन आपापल्या गावी परतत आले आहेत. तेथील चालत्या बुद्धाची मूर्ती तैवानच्या शिल्पकाराची आहे. ज्या नगरीने बाहेरून घेतले, तिने अशा रीतीने इतर प्रांतांना देण्यास आरंभ केला.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, परदेशी पैशाने धर्मांतरे होतात. नागपूरच्या बाबतीत तारखाच ह्याला उत्तर देतात. दीक्षा १९५६ ची आणि ती संस्था १९८० ची. लाखो माणसांनी आपल्या मनाने निर्णय घेतल्यावर चोवीस वर्षांनी ही मदत आली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दारोदार पैसा मागताना आपल्या दैन्याचे चित्र रंगवावे लागते. ज्या समाजाने दैन्याची खूण झुगारून देण्यासाठी धर्म बदलला, त्याचे तेच जुने चित्र परदेशच्या दारात दाखविले जावे काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमच्या मते त्याचे उत्तर कामाच्या कारभारात आहे. पैसा कोणत्या वस्तीत खर्चावा, वसतिगृहाचा अधीक्षक कोण, संस्थेचे विश्वस्त कोण, हे जेथे स्थानिक माणसे ठरवितात, तेथे मदत ही बरोबरीच्या माणसांची देवघेव होते. जेथे हे सर्व बाहेरून ठरते, तेथे वसतिगृह कितीही चांगले असो, घेणारा लाचारच राहतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. परदेशी वर्गणीविषयी १९७६ साली कायदा झाला, २०१० साली त्याजागी नवा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी आली, आणि सर्व रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेतील खात्यात स्वीकारण्याचे बंधन आले. हे नियम योग्य की अयोग्य, ह्यावर मतभेद आहेत. पण खेड्यातल्या लहान संस्थेला मोठ्या संस्थेमार्फत मिळणारा झरा त्यामुळे आटला, हे नाकारता येत नाही. परदेशच्या दारावर मिळालेले वचन कायद्याच्या एका ओळीने थांबू शकते, हा त्यातला धडा आहे.

आणि म्हणून आम्ही पुन्हा त्या विसाव्या भागाकडे येतो. १९५६ साली ती मागणी मजुरांकडे होती. त्यांच्यातील अनेकांची नातवंडे आज अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आहेत. काही तर ज्या देशांतून वर्गणी आली त्याच देशांत नोकऱ्या करीत आहेत. त्या इंग्रज स्वयंसेवकांनी अनोळखी दारावर जाऊन जे मागितले, ते आपल्या शहरातल्या ओळखीच्या दारावर जाऊन मागण्यास आपणांपैकी किती जण तयार आहेत? हा प्रश्न केवळ बौद्धांपुरता नाही. वसतिगृहाची निकड ज्या जातिभेदाने निर्माण केली, तो साऱ्या समाजाचा होता, म्हणून ती भागविण्याचे देणेही साऱ्या समाजाचे आहे.

कार्ल्याच्या खांबावर यवनाचे नाव आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. पण त्याच लेण्यांत आसपासच्या गावच्या गृहस्थांची, सुतारांची आणि व्यापाऱ्यांचीही नावे आहेत. केवळ परक्यांच्या खांबांवर ते चैत्यगृह उभे राहिले नसते. नागपूरच्या कार्याचेही तसेच आहे. परदेशच्या मित्रांनी आपले खांब दिले, त्यांचे ऋण मानावे. उरलेले खांब आपले आहेत.