तळटीप : सर्जिओ बेंडिक्सन

सर्जिओ बेंडिक्सन (१९४८–२०१७) : पेरूतील लिमा येथे जन्मलेले, लहानपणीच अमेरिकेत आलेले राजकीय सल्लागार व जनमत-चाचणीकार. १९८४ मध्ये सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या अध्यक्षीय उमेदवारीची मोहीम त्यांनी सांभाळली. लॅटिनो वंशाच्या व्यक्तीकडे असे काम प्रथमच आले. क्रॅन्स्टन न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक फेरीनंतर बाद झाले, तो भाग वेगळा. बेंडिक्सन यांचे खरे काम मायामीत, चाचण्यांच्या भाषेत झाले. फोन उचलणाऱ्याला फक्त इंग्रजीत प्रश्न विचारला, की इंग्रजी न येणारा माणूस फोन ठेवून देतो आणि मोजणीतून गळतो. त्याला स्पॅनिशमध्ये विचारा, हा त्यांचा आग्रह. पुढे कॅलिफोर्नियातील आशियाई स्थलांतरितांचा कौलही बेंडिक्सन यांनी त्या लोकांच्याच भाषांतून घेतला. स्थलांतरित मायदेशी धाडतात त्या पैशांची पाहणी त्यांनी इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेसाठी केली. अंदाज मात्र नेहमीच बरोबर ठरला असे नाही. २००८ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत ते बराक ओबामांविरुद्ध हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. लॅटिनो मतदार कृष्णवर्णीय उमेदवाराला फारसे मत देत नाहीत, हे त्यांचे विधान वादग्रस्त ठरले. प्रत्यक्षात नोव्हेंबरातील अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे दोन-तृतीयांश लॅटिनो मते ओबामांना मिळाली.