आधी काय बदलायचं? माझा डेस्कटॉप, मुंबईची ट्राम आणि अलिबागची वेधशाळा

गेल्या मे महिन्यात माझ्या डेस्कटॉपने हात टेकले. आठ वर्षांचं मशीन, ८ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. माझं काम जुन्या चुंबकीय नोंदींवर आहे. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदांची मोठाली स्कॅन उघडायची, त्यातले आकडे टिपायचे आणि तक्त्यात भरायचे. एक स्कॅन उघडायला लावून चहा करून आलं तरी ते उघडलेलं नसायचं. फेलोशिपमधून थोडे पैसे बाजूला पडले होते, पण त्यात सगळं बसणार नव्हतं. दादा म्हणाला, ग्राफिक्स कार्ड घे. दुकानदार म्हणाला, मॅडम, प्रोसेसर आणि मदरबोर्डच बदला, कटकट मिटेल.

गंमत म्हणजे ज्या वेधशाळेच्या इतिहासावर मी प्रबंध लिहितेय, तिच्यापुढे हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी आला होता. जुनी यंत्रं, नवी यंत्रं, मर्यादित पैसा, आणि आधी काय बदलायचं? म्हणून आज तीच गोष्ट सांगते. शेवटी माझ्या डेस्कटॉपचं काय झालं तेही सांगेन.

दोन कुलाबे

आधी एक घोळ निस्तरू. आमचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. हे नाव अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावरून आलं. मुंबईचं कुलाबा वेगळं. वेधशाळा आधी त्या मुंबईच्या कुलाब्यात होती. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये सुरू केली, मुख्यतः खगोलीय निरीक्षणं आणि जहाजांना अचूक वेळ देणं यासाठी. १८४१ मध्ये ऑर्लेबार या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाली.

या नोंदी म्हणजे काय? दोऱ्याला टांगलेला चुंबक अगदी किंचित हलत असतो. त्याच्यावर आरसा बसवायचा, दुर्बिणीतून आरशात दिसणारी मोजपट्टी वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. रात्र असो, पाऊस असो, ठरलेल्या वेळी माणूस दुर्बिणीपाशी हजर पाहिजे.

तेव्हा युरोपातल्या काही वेधशाळांनी फोटोच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं आणली होती. कुलाब्यात ती १८७० च्या दशकात आली. म्हणजे १८५९ साली कुलाबा ‘मागे’ होतं. आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला, माहितीतल्या सर्वांत मोठ्या भूचुंबकीय वादळांपैकी एक आलं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोवरची रेघ कागदाच्या बाहेर गेली, म्हणजे नेमकं टोक नोंदलंच गेलं नाही. कुलाब्यात माणसं दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. सुई जास्त हलतेय हे दिसल्यावर त्यांनी तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी आकडे लिहिले. क्षितिजसमांतर चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्या वहीत आहे. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी, त्यात आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतलेही होते, त्या वादळाचा जोर नव्याने काढला तो याच नोंदींवरून.

याचा अर्थ ‘जुनं तेच सोनं’ असा मी काढत नाही. फोटोची यंत्रं पुढे कुलाब्यालाही घ्यावीच लागली, कारण माणूस सतत पाहू शकत नाही. मुद्दा इतकाच की नवा भाग घेताना तो काय करतो याबरोबर त्याची हद्द कुठे संपते हेही बघावं लागतं.

ट्राम येणार!

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. या पदावरचे ते पहिले भारतीय. थोड्याच वर्षांत बातमी आली की मुंबईतली घोड्यांची ट्राम विजेवर चालणार.

विजेच्या ट्रामचा प्रवाह तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. पण सगळा रुळांतून जात नाही, काही जमिनीत झिरपतो. हा एकाच दिशेचा प्रवाह असतो, त्यामुळे आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि गाडी पुढे गेली, थांबली की ते बदलतं. पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक बदल मोजणाऱ्या यंत्राला हा गोंगाटच. टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर अ‍ॅजिनकोर्टला जावं लागलं होतं. क्यूचं चुंबकीय कामही पुढे स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेलं, ते १९०८ मध्ये.

आता मूस यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. यंत्रं जुनी झालीत, नवी घ्यायची आहेत. पण कुलाब्यातच कितीही चांगलं यंत्र बसवलं असतं तर त्याने काय मोजलं असतं? ट्राम! उलट जितकं संवेदनशील यंत्र, तितकी ट्राम जास्त. तेव्हा सगळ्यात आधी बदलायची होती ती जागा.

त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं, सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास. समुद्र जवळ असल्याने अक्षांश-रेखांश आणि हवामान फार बदलत नव्हतं, आणि ट्राम येण्याची शक्यता नव्हती. इमारतीतही तोच विचार. आपल्या काळ्या कातळात लोहखनिज असतं, तो चालत नाही, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंडाला बंदी, खिळे-बिजागऱ्यांसाठी तांबं-पितळ. आतलं तापमान दिवसभर जवळपास सारखं राहावं अशी रचना, कारण उष्णतेने चुंबकाचं बळ बदलतं. मग त्या खोल्यांत नवी यंत्रं बसली. जागा, निवारा, आणि त्यानंतर यंत्र, असा हा क्रम.

दोन वर्षं दुप्पट काम

माझ्या मते यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. अलिबागला नोंदी सुरू झाल्या एप्रिल १९०४ मध्ये. पण कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. विजेची ट्राम मुंबईत धावली ७ मे १९०७ रोजी. म्हणजे गोंगाट सुरू होण्याआधी दोन वर्षांची शांत, जोडीची नोंद हाताशी होती.

हे का लागतं? जागा किंवा यंत्र बदललं की आकड्यांत एक पायरी येते. काल अमुक, आज तमुक. ही पायरी पृथ्वीमुळे आली की बदलामुळे, हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी मोजलं असेल तर फरक काढता येतो आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचं विश्लेषण १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलं. त्यापुढची मालिका अलिबागला आजही चालू आहे. कुलाबा-अलिबाग ही जोडी अभ्यासक एका दमात म्हणतात, ते त्या दोन वर्षांमुळे.

आणि माझं मशीन

तर आता डेस्कटॉप. कुठलाही भाग घेण्याआधी मी आठवडाभर टास्क मॅनेजर उघडा ठेवून काम केलं. प्रोसेसर २० टक्क्यांच्या वर क्वचितच. रॅम गच्च भरलेली. डिस्क १०० टक्के. रॅम संपली की विंडोज डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरतं, आणि फिरती डिस्क त्या मानाने फार संथ. प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसायचा. नवा प्रोसेसर घेतला असता तर तोही ऐटीत वाट बघत बसला असता. ग्राफिक्स कार्डचा तर माझ्या कामाशी संबंधच नव्हता.

पण मूस यांच्या क्रमाने पहिला प्रश्न जागेचा. आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळच धडकलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि आली तीही झटके देत. त्यात माझी तेव्हाची डिस्क गेली आणि एम.ए.ची निम्मी टिपणं गेली. ती परत मिळाली नाहीत. म्हणून यावेळी पहिला खर्च यूपीएसचा, सोबत अर्थिंगची तपासणी आणि बॅकअपसाठी बाहेरची डिस्क. कॅबिनेट उघडलं तर खाऱ्या हवेने रॅमचे सोनेरी दातही काळवंडलेले. मशीन बंद करून, प्लग काढून, ते साध्या खोडरबरने हलकेच पुसले. मग बोर्डाला चालणारीच ८ जीबीची आणखी एक पट्टी घातली. एसएसडी दोन महिन्यांनी, पुढचे पैसे आल्यावर.

एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं तरी जुनी डिस्क काढली नाही. महिनाभर काही स्कॅन दोन्हीकडे टिपली. तेव्हा कळलं की नव्या विंडोजमध्ये तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती. माझी ३ एप्रिल तिथे ४ मार्च होत होती. १२ तारखेपर्यंतचे दिवस गुपचूप अदलाबदल, आणि मशीन एका शब्दाने बोलत नव्हतं. जोडीने काम केलं नसतं तर १९०४ सालच्या वादळांच्या तारखा मी चुकीच्या छापल्या असत्या, आणि दोष कदाचित मूस यांच्या माणसांच्या माथी मारला असता.

तुमचंही मशीन रडत असेल तर दुकानात जाण्याआधी आठवडाभर ते कुठे अडतंय ते बघा. वीज आणि बॅकअप आधी, वेग नंतर. एका वेळी एकच भाग बदला. आणि जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका.