नोंदीची शिवण : लहान व्यापारी पेढ्यांच्या दप्तरपद्धतीचा ऐतिहासिक विचार

१

कचेरीतील साधनांचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बोरू गेला व टाक आला, टाकाच्या जोडीस टंकलेखनयंत्र आले, त्याची जागा पुढे संगणकाने घेतली, आणि प्रत्येक पायरीस काम अधिक जलद व अधिक स्वस्त झाले, असा या कथनाचा सारांश असतो. मोठ्या कंपन्यांपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु दोनचार माणसांवर चालणारी पेढी, अडतीचे दुकान किंवा मध्यम आकाराचा कारखाना यांच्या दप्तराकडे पाहू लागले म्हणजे एक निराळाच प्रश्न पुढे येतो. एकदा लिहिलेली नोंद मागाहून कोणाच्या नकळत बदलता येते काय, आणि येत असल्यास ती कोणाला बदलता येते, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न लहान पेढीत अधिक तीव्र का व्हावा, याचे कारण तिच्या रचनेत आहे. मोठ्या कंपनीत रोकड स्वीकारणारा एक, नोंद करणारा दुसरा व ती तपासणारा तिसरा असतो. लबाडी करावयाची तर तिघांचे संगनमत लागते. लहान पेढीत ही तिन्ही कामे बहुधा एकाच मुनिमाकडे असतात, किंबहुना कित्येकदा खुद्द मालकाकडेच असतात. श्रमविभागणीतून निर्माण होणारी परस्पर देखरेख तेथे संभवतच नाही. म्हणून ज्यावर लिहावयाचे त्या वहीकडेच देखरेखीचे काम सोपवावे लागते. वहीची शिवण, पानांचा क्रम, तारखांची सलगता आणि खाडाखोडीचा निषेध या गोष्टी लहान पेढीच्या दृष्टीने केवळ टापटिपीच्या नव्हेत. तेथे त्या तपासनिसाचे काम करतात. नव्या साधनांनी ही शिवण वेळोवेळी कशी उसवली आणि रूढी, न्यायालये व राज्यसंस्था यांनी ती पुन्हा कशी घातली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

महाराष्ट्रातील जुन्या हिशेबपद्धतीचे दोन मुख्य आधार म्हणजे कीर्द व खतावणी. कीर्दीत दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने जमेस व नावे पडे आणि दिवसाअखेर शिल्लक काढली जाई. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढे. हीच शिस्त राज्यकारभारातही होती. पेशवे दप्तरातील रोजकीर्दी हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. रोजची शिल्लक काढण्याच्या या रिवाजाचा परिणाम महत्त्वाचा होता. एखादी रक्कम चार महिन्यांनी मागे जाऊन बदलावयाची झाल्यास त्या दिवसापासून पुढची प्रत्येक शिल्लक बदलावी लागे. बेरजांची ही साखळी फसवणूक अशक्य करीत नसे. परंतु ती अतिशय कष्टाची व सहज नजरेस येणारी करीत असे.

वहीची घडणही याच हेतूस पोषक होती. लांबट कागद मध्ये शिवून तांबड्या कापडात बांधलेली वही घ्यावयाची, लक्ष्मीपूजनास तिची पूजा करावयाची आणि मग तिच्यात लिहावयास आरंभ करावयाचा, या रिवाजामुळे वर्षाच्या हिशेबाचा प्रारंभ सर्वांसमक्ष होत असे. शिवलेल्या वहीतून एक पान काढले तर त्याच्या जोडीचे दुसरे पान सुटते. हुंडीसारख्या सुट्या कागदास अशी शिवण नसल्याने तेथे मजकुरातच बंदोबस्त करावा लागे. रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून, शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून तिच्या दुपटीइतके रुपये द्यावेत असे लिहिण्याची चाल सावकारीत होती. एकच संख्या तीन रीतींनी लिहिल्यावर एखादे शून्य वाढवून भागत नसे.

ही दक्षता केवळ आपल्याकडचीच होती असे नव्हे. लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदपद्धतीचे विवेचन केले आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ग्रंथात पाने क्रमांकित करावीत व वह्या व्यापारविषयक अधिकाऱ्यापुढे नेऊन प्रमाणित करून घ्याव्यात, असाही सल्ला आहे, याकडे तितके लक्ष दिले जात नाही. फ्रान्समध्ये १६७३ च्या राजाज्ञेने व्यापाऱ्यांच्या वह्यांवर अधिकाऱ्याची सही घेण्याचे बंधन घातले. १८०७ च्या व्यापारसंहितेने रोजकीर्द तारीखवार, कोरी जागा न सोडता व समासात भर न घालता लिहावी, असा दंडक केला. पुण्याच्या पेठेतील मुनीम व पॅरिसचा दुकानदार यांच्यात कसलाही संबंध नसता दोघांच्याही वह्यांना सारखेच नियम लागू पडावेत, यावरून या नियमांचे मूळ एखाद्या प्रदेशाच्या संस्कृतीत नसून लहान व्यापाराच्या गरजेत आहे, असे अनुमान निघते.

३

तथापि शिवणीची एक स्वाभाविक मर्यादा आहे. शिवण मागाहून होणारा बदल रोखते. मुळातच खोटी लिहिलेली नोंद ती रोखू शकत नाही. वही लिहिणारा एक, आणि तिच्यामुळे देणेकरी ठरणारा दुसरा, व त्यास अक्षरओळख नाही, अशा स्थितीत वहीची नियमितता हेच अन्यायाचे साधन होऊ शकते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास सुरुवात झाली आणि तो पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरला. दंगेखोर कुणब्यांचा रोख सावकारांच्या शरीरापेक्षा त्यांच्या कागदांवर होता. रोखे, खते व हुकूमनामे हिसकावून घेऊन त्यांची होळी करावयाची, हाच बहुतेक ठिकाणी त्यांचा उद्देश होता. ज्याने कधी वही उघडून पाहिली नाही, त्यासही सत्ता वहीत असते हे पुरते कळले होते.

या दंग्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने जो उपाय योजला तो दप्तरपद्धतीच्या इतिहासात लक्षणीय आहे. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे दस्त ग्रामनिबंधकापुढे व्हावेत, त्यास पैशाची पावती मिळावी, मागणी केल्यास हिशेबाचा वार्षिक उतारा अथवा पासबुक मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या. म्हणजे एकाच्या वहीस दुसऱ्याच्या हातातील प्रत हा जाब ठरविला गेला. तत्पूर्वी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ३४ याच दिशेने गेले होते. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुराव्यात ग्राह्य आहेत. परंतु केवळ त्यांवरून कोणावरही देणे लादता येणार नाही, असे ते कलम सांगत असे. ‘अ’ने ‘ब’वर हजार रुपयांचा दावा लावला व आपली वही दाखविली, तर वही संबद्ध खरी, पण एवढ्याने कर्ज सिद्ध होत नाही, असे त्यातील उदाहरण होते. शिवण हवी, आणि शिवणीबाहेरची साक्षही हवी, ही दोन तत्त्वे येथून पुढे बरोबरीने चालतात.

४

पत्रव्यवहाराच्या बाबतीत हाच क्रम निराळ्या रूपाने दिसतो. जेम्स वॅट याने १७८० साली पत्राची प्रत काढणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. विशिष्ट शाईने लिहिलेले पत्र पातळ ओलसर कागदावर दाबले की त्याची नक्कल उमटे. पुढे अशा पातळ कागदांच्या बांधीव वह्याच प्रचारात आल्या. पाठविलेले प्रत्येक पत्र तारखेच्या क्रमाने त्यात आपोआप बद्ध होई. एखाद्या गिऱ्हाइकाची सर्व पत्रे शोधून काढणे मात्र जिकिरीचे असे. वही विश्वसनीय होती, पण सोयीची नव्हती.

टंकलेखनयंत्र व कार्बन कागद यांनी सोय आणली. सुटी प्रत हाताशी आल्यावर ती माणसागणिक वा विषयागणिक लावणे शक्य झाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात उभ्या फायलींची मांडणी लोकांपुढे आली आणि पुढील काही दशकांत बांधीव नक्कलवह्या मागे पडल्या. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले, तोपर्यंत आपल्याकडील मध्यम पेढ्यांतही फाईल हे दप्तराचे प्रमाणभूत रूप झाले होते. हिशेबाच्या वह्यांतही सुट्या पानांच्या खातेवह्या आल्या. त्यांच्या बांधणीस कुलूप लावून किल्ली जबाबदार माणसाकडे ठेवावी, असा सल्ला हिशेबतपासनीस देत असत, यावरून या बदलात काय गमावले याची जाणीव तज्ज्ञांना होती, हे स्पष्ट होते. मोठ्या कचेरीत आवक-जावक नोंदवही व स्वतंत्र दप्तरदार यांनी ही उणीव भरून निघाली. लहान पेढीत फाईल ज्याच्या टेबलावर, त्याच्याच हाती कागद काढणे वा घालणे राहिले.

न्यायालयांनीही हा भेद जपला. जैन हवाला प्रकरणातील १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे ‘वही’ म्हणजे काय, हाच प्रश्न होता. १९१४ च्या नागपूरच्या एका जुन्या निकालाचा आधार घेऊन न्यायालयाने असे ठरविले की वही म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा समूह होय. सुट्या कागदांना ही संज्ञा लागू पडत नाही. तारेने बांधलेल्या वह्या कलम ३४ च्या कक्षेत आल्या. सुटे कागद आले नाहीत. आणि बांधीव वह्यांच्या बाबतीतही स्वतंत्र पुराव्यावाचून त्या अपुऱ्या, हे १८७२ चे दुसरे तत्त्व न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले.

५

संगणकाने सुट्या पानाची प्रक्रिया शेवटास नेली. १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ हा आकडेमोडीचा तक्ता बाजारात आला आणि लहान धंद्यास परवडणाऱ्या यंत्रावर हिशेब करणे शक्य झाले. भारतात १९८६ मध्ये बंगळूर येथे श्यामसुंदर गोयंका व भरत गोयंका यांनी जी संस्था काढली, तिच्यातून ‘टॅली’ हा हिशेबाचा कार्यक्रम पुढे आला. कारखान्यांना माल पुरविणाऱ्या स्वतःच्या व्यवसायाची गरज हेच त्याच्या निर्मितीचे निमित्त होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे.

अशा कार्यक्रमांत कीर्द भरली की खतावणी, तेरीज व ताळेबंद आपोआप तयार होतात. मुनिमाचे कितीतरी दिवसांचे काम क्षणात होते. परंतु जी बेरजांची साखळी पूर्वी लबाडीस कष्टाची करीत होती, तीच आता लबाडाच्या सेवेस लागली. जुनी नोंद बदलली की पुढील सर्व शिल्लका यंत्रच दुरुस्त करून देते, आणि खाडाखोडीची खूण कोठेही उरत नाही. वेगाने येथे शिवण केवळ सैल केली नाही. ती अदृश्य केली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने कलम ३४ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील’ वह्यांचा समावेश केला आणि त्यांच्या छापील उताऱ्यास प्रमाणपत्राची अट घातली. जालन्यातील एका निवडणूकवादावरून आलेल्या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम राखली. परंतु उतारा यंत्रातूनच निघाला, एवढेच असे प्रमाणपत्र सांगते. यंत्रातील नोंद पूर्वी काय होती, हे त्यातून कळत नाही.

पुन्हा शिवण घालण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांतले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून विक्रीच्या नोंदी ठेवणारी यंत्रप्रणाली अपरिवर्तनीयतेच्या कसोटीस उतरली पाहिजे, असे बंधन आले. १६७३ ची सही व २०१८ ची कसोटी यांचा हेतू एकच आहे. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तसाच नियम केला. दोनदा पुढे ढकलला जाऊन तो १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आला. कंपनीने वापरावयाच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे व ही सोय बंद करता येता कामा नये, असे त्याचे स्वरूप आहे. १८७९ च्या पासबुकाचे तत्त्वही नव्या रूपाने परतले आहे. वस्तू व सेवा कराच्या पद्धतीत १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदारास कराची वजावट मिळण्यासाठी विक्रेत्याने तीच नोंद आपल्या विवरणात दाखविलेली असावी लागते.

६

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की लहान पेढीच्या दप्तरात येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावयास हवी. बदल केला तर त्याची खूण राहते काय, आणि नोंदीस लिहिणाऱ्याच्या हाताबाहेरची साक्ष आहे काय? २०२३ चा नियम कंपन्यांपुरता आहे. भागीदारी पेढ्या व एकल मालकीचे धंदे त्याच्या बाहेर आहेत, आणि श्रमविभागणीची देखरेख नेमकी तेथेच नसते. ज्यांना शिवणीची सर्वांत अधिक गरज, ते जुनी वही सोडून बसले असून नवी शिवण त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. उद्या एखाद्या भागीदाराच्या विधवेस आपला वाटा किंवा मजुरास आपली बाकी सिद्ध करावयाची वेळ आली, तर समोर येणारा हिशेब मूळचा की काल रात्री तयार केलेला, हे ओळखण्यास साधन काय, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांनी विचारात घेण्यासारखा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांसही यात सूचना आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षे जपण्यास सांगितले आहे. त्यानंतर त्या राखण्याचे बंधन नाही. पेढ्यांच्या माळ्यावर उरलेल्या जुन्या वह्या हाती येतील तेव्हा त्यांतील बेरजाच तेवढ्या टिपून घेऊ नयेत. पानांचा क्रम, शिवण, शाईतील फरक, छेकलेल्या ओळी व रिकाम्या जागेवर मारलेल्या रेघा यांचीही नोंद करावी. त्या पेढीत विश्वास कोणावर होता आणि कोणावर नव्हता, हे बेरजांपेक्षा या खुणांवरूनच अधिक स्पष्टपणे कळते.