शपथ आणि कायदा

१९३४ साली फिलाडेल्फियाचे कार्डिनल डोहर्टी यांनी आपल्या महाधर्मप्रांतातील कॅथलिकांना बजावले, की चित्रपट चांगला असो वा वाईट, चित्रपटगृहाची पायरीच चढू नका. त्याच सुमारास अमेरिकेतील चर्चमधून लाखो भाविक उभे राहून असभ्य चित्रपट न पाहण्याची शपथ घेत होते. ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ती हीच चळवळ. सरकारचा शिपाई दाराशी नव्हता. ज्याने त्याने स्वेच्छेने शपथ घ्यायची. (सारे चर्च उभे असताना एकट्याने बसून राहण्याचे धैर्य कितीजणांना झाले असेल, हा प्रश्न निराळा!)

निर्मात्यांजवळ नियमावली आधीच होती. येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड यांनी तिचा मसुदा तयार केला, १९३० साली निर्मात्यांनी ती स्वीकारली आणि जवळजवळ गुंडाळून ठेवली. तिकीटविक्रीवर गंडांतर येताच मात्र जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा शिक्का नसलेला चित्रपट दाखविल्यास २५,००० डॉलर दंड ठरला. भय दुसरेही होते. चित्रपट हा निव्वळ व्यवसाय आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली राज्यांच्या सेन्सॉरला मोकळीक दिली होती. शपथेच्या पाठीशी कायदा असा उभा होता.

अतिरेकही झाला. कार्डिनल स्पेलमन यांच्या निषेधानंतर रोसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’चा परवाना धर्मविटंबनेच्या कारणाने १९५१ साली न्यूयॉर्क राज्याने काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली तो निर्णय फिरविला.

आज तोच वाद मुलांच्या हातातील मोबाईलपाशी येऊन ठेपला आहे. आईबापांनी मुलांना आवरावे, सरकारने मध्ये का पडावे, असे पुष्कळजण विचारतात. परंतु रिकाम्या खुर्च्या चित्रपटगृहाच्या मालकाला त्याच रात्री दिसत. इन्स्टाग्रामवर मूल तिकीट काढीत नाही; त्याचा वेळ हीच तेथली मिळकत. एका घराने नकार दिला, तर कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही, वर्गात एकटे पडते ते त्या घरातील मूल.

ऑस्ट्रेलियाने २०२४ साली केलेला कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. सोळा वर्षांखालील मुलांची खाती रोखण्याची जबाबदारी त्याने कंपन्यांवर टाकली. दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला वा पालकांना शिक्षा नाही. ज्याचा नफा त्याच्यावर भार, ही वाटणी मला न्याय्य वाटते. वय तपासण्याच्या निमित्ताने कंपन्या सर्वांचीच कागदपत्रे गोळा करतील, ही धास्ती मात्र खोटी नाही. म्हणूनच सरकारी ओळखपत्राखेरीज दुसरा मार्गही खुला ठेवावा, असे कलम त्या कायद्यात घालावे लागले.