फ्लॉरेन्स कमी खर्चात कसं पाहायचं? काय घ्यायचं, काय टाळायचं आणि तिथे कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक का आहे?

इटलीची ट्रिप म्हटली की रोम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ही तीन नावं यादीत असतातच. त्यातलं फ्लॉरेन्स, म्हणजे इटालियन भाषेत फिरेंझे, हे कलेचं शहर. मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' इथलाच आणि बोत्तिचेल्लीची चित्रंही इथलीच. पण या शहरात खिसा लवकर रिकामा होतो. १ युरो म्हणजे ढोबळमानाने १०० रुपये धरले, तर प्रत्येक तिकिटाला आणि प्रत्येक पर्सला दोनदा विचार करावा लागतो.

कोल्हापूरकरांसाठी मात्र या शहरात एक जागा अशी आहे, जी पाहायला एक पैसाही लागत नाही.

कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक फ्लॉरेन्समध्ये कसं?

करवीर संस्थानचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. (हे राजाराम म्हणजे शिवाजी महाराजांचे पुत्र नव्हेत, आणि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत.) परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त २०.

तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. दहनाची पद्धत तिथे नव्हती, त्यामुळे खास परवानगी घ्यावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली गेली. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे आणि चार भाषांतला लेख आहे. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही याच मँट यांनी आखला.

फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात. शेजारच्या आर्नोवरच्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलं, पोंते आल्ल'इंदियानो. कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज याच महाराजांच्या नावाचं.

या मृत्यूनंतर गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगरला वारले. मग १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले, तेच राजर्षी शाहू महाराज. म्हणजे बिद्री ज्या कागल तालुक्यात आहे, तिथल्या इतिहासाचा एक धागा थेट आर्नोच्या काठापर्यंत जातो.

तिथे जायचं कधी? मंगळवारी सकाळी

स्मारक कॅशिने या मोठ्या सार्वजनिक बागेच्या पश्चिम टोकाला आहे. बाग साधारण साडेतीन किलोमीटर लांब आहे, त्यामुळे चालायची तयारी हवी. याच बागेत दर मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत आठवडी बाजार भरतो. कपडे, चपला, भांडी, चीज, फळं असं सगळं तिथे मिळतं. मुख्य गिऱ्हाईक स्थानिक असल्याने भाव पर्यटकी दुकानांपेक्षा कमी असतात. बाजार आणि स्मारक एकाच फेरीत होतं.

फुकटात काय पाहता येतं?

• दुओमो : मुख्य कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, रांग मात्र मोठी असते. ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला तिकीट लागतं आणि ४६३ पायऱ्याही आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

• पियात्सा देल्ला सिन्योरिया : या चौकात 'डेव्हिड'ची प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयात आहे. बाजूच्या लोज्जात चेल्लिनीचा 'पर्सियस' आहे, आणि तो मूळ आहे.

• पोंते वेक्यो : १३४५ चा पूल. १५९३ पासून त्यावर सराफांची दुकानं आहेत. बघायला छान, खरेदीला महाग.

• पियात्साले मायकेलअँजेलो : टेकडीवरून सूर्यास्त आणि अख्खं शहर दिसतं. थोडं वर सान मिनियातोचं जुनं चर्च आहे.

उफ्फीत्सी आणि अकादेमिया ही सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. १८ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही देशाची असली तरी एरवीही तिकीट नाही. १८ ते २५ वयोगटाची सवलत मात्र युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर ती मिळेलच असं धरून बजेट आखू नका.

आठवण म्हणून काय आणायचं?

फ्लॉरेन्सची ओळख म्हणजे चामडं. सान लोरेन्झोच्या रस्त्यावरच्या स्टॉल्सवर पर्स, बेल्ट, पाकिटं मिळतात आणि घासाघीसही चालते. पण तिथला सगळा माल इटलीत बनलेला असतोच असं नाही. 'व्हेरा पेल्ले' म्हणजे खरं चामडं, पण नुसत्या शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. कापलेली कड पाहा. खऱ्या चामड्यात तंतू दिसतात, नकली मालात कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर दिसतो. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत अस्सल चप्पल पारखणाऱ्याला हे नवीन नाही.

काम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर सांता क्रोचे चर्चच्या आवारातली 'स्कुओला देल कुओयो' गाठा. युद्धात अनाथ झालेल्या मुलांना हाताला काम मिळावं म्हणून १९५० मध्ये सुरू झालेली ही चर्मकला शाळा. कारागीर काम करताना दिसतात. वस्तू महाग आहेत, पण छोटं पाकीट किंवा कीचेन परवडू शकतं.

सगळ्यात स्वस्त आणि हलकी भेट म्हणजे फ्लॉरेन्सचा संगमरवरी नक्षीचा कागद. पाण्यावर तरंगणारे रंग कागदावर उचलून तो बनवतात. त्याचे बुकमार्क आणि छोट्या वह्या सहज बॅगेत मावतात. मेर्कातो नुओवोच्या बाजारात ब्राँझच्या रानडुकराचं नाक चोळलं की माणूस पुन्हा फ्लॉरेन्सला येतो, अशी समजूत आहे. फोटोसाठी तरी थांबाच.

या चुका महागात पडतात

१. नकली ब्रँड : फुटपाथवरच्या 'गुची'च्या बॅगेला हात लावू नका. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, आणि तो ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

२. बसून कॉफी : काउंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर जास्त पैसे. रेस्टॉरंटच्या बिलात 'कोपेर्तो' हा माणशी आकार वेगळा असतो.

३. तिकीट व्हॅलिडेट न करणं : बस-ट्रामचं कागदी तिकीट मशीनमध्ये छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच.

४. कर परतावा विसरणं : एका दुकानात ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली, तर भारतीय पर्यटकाला व्हॅटचा काही भाग परत मिळू शकतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या आणि युरोप सोडताना विमानतळावर तो मंजूर करून घ्या.

५. न विचारता खाणं : 'लाम्प्रेदोत्तो' हे इथलं प्रसिद्ध सँडविच म्हणजे गाईची वजडी. शाकाहारी असाल तर घेवडा, पालेभाजी आणि शिळ्या पावाचं 'रिबोल्लिता' मागा. शोरबा मांसाचा नाही ना, एवढं आधी विचारा.

संग्रहालयांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे बुकिंग अधिकृत साइटवरूनच करा. दोन दिवसांचाच मुक्काम असेल, तर त्यातला एक मंगळवार येईल असं पाहा.